खांब पुरायचा की जोत्यावर उभा करायचा?

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार. मी दापोली तालुक्यातल्या एका गावात राहतो. वय ५३. पिंपरीकडच्या एका कारखान्यात पॅटर्न शॉपमध्ये, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने करायच्या खात्यात, २६ वर्षं काम केलं आणि आता स्वेच्छानिवृत्ती घेऊन गावी आलोय. घरामागच्या परसात २० बाय ३० फुटांची शेड घालून लाकूडकामाचं वर्कशॉप सुरू करायचं मनात आहे. टेबल सॉ, रंधा मशीन, एक छोटा लेथ, एवढंच. माझा भाचा अमेरिकेत ओहायोला असतो. त्याने घरामागे ‘पोल बार्न’ उभारला, त्याचे फोटो पाठवलेत. जाड लाकडी खांब सरळ जमिनीत पुरले, वर कैच्या बसवल्या, चारी बाजूंनी पत्रा मारला. ना पाया, ना भिंती. मलाही तसंच करावंसं वाटतं. निसर्ग वादळात आमच्या आवारातली किंजळीची दोन झाडं पडली, त्यांचं चिरलेलं लाकूड पडवीत रचून ठेवलंय. पण इथला फॅब्रिकेटर म्हणतो, लाकूड नको, लोखंडी पाइप घ्या, दीड फुटाचा खड्डा पुरे. आणि वडील, वय ८१, म्हणतात, पत्र्याची शेडच नको, चिऱ्याच्या भिंती बांध आणि कौलं घाल. त्या वादळात आमच्या गोठ्याच्या छपराचं पश्चिमेचं पाखं उचललं आणि पत्रे शेजाऱ्यांच्या पोफळीत जाऊन पडले, तेव्हापासून पत्रा म्हटलं की ते चिडतात. माझ्याकडे साडेपाच लाख आहेत, त्यात वायरिंगही बसवायचंय. कोणाचं ऐकू? रोज जेवताना यावरून बोलाचाली होते.

उत्तर

नमस्कार. वडिलांपासून सुरुवात करतो. पत्रात तुम्ही त्यांना चिडणाऱ्या माणसाच्या जागी बसवलंय, पण तिघांमध्ये नेमकी भीती त्यांनाच कळली आहे.

शेड म्हटलं की आपण वजनाचा विचार करतो. खांब छताचा भार पेलेल का, कैची वाकेल का. पत्र्याच्या शेडचा खरा प्रश्न वेगळा आहे. तिला खाली दाबणारं काही नसतं, वर ओढणारं असतं. वारा छपरावरून वेगाने सरकला की छताच्या पाठीवर ओढ तयार होते. त्यात वाऱ्याच्या बाजूचं दार उघडं राहिलं किंवा मोडलं, तर आत शिरलेला वारा खालून रेटतो. पावसात छत्री उलटी होते तसंच. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं तेव्हा मंडणगड, दापोलीपर्यंत जे पत्रे उडाले, ते बहुतेक वजनाने खाली आलेले नव्हते, वर गेलेले होते.

आता तुमच्याच शेडचा हिशोब मांडू. इमारतींवरच्या वाऱ्याचं भारतीय मानक आहे, आयएस ८७५ चा तिसरा भाग. त्यात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरलाय, पुण्यासाठी ३९. तुमच्याकरता ३९ च धरला, म्हणजे ताशी १४० किलोमीटर, तरी त्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ९३ किलो निघतो. छताची ओढ, आतला रेटा वगैरे गुणक बारकाईने लावायचे असतात, ते इंजिनिअर लावेल. आपण ढोबळमानाने एवढीच ओढ छतभर धरू. २० बाय ३० म्हणजे ५६ चौरस मीटर. गुणाकार केला की ५ टनांच्या वर जातो. आणि तुमची शेड, पत्रे, पर्लिन म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या पट्ट्या, कैच्या, खांब सगळं धरून, भरेल फार तर सव्वा टन. उरलेले ४ टन कोणी तरी धरून ठेवायला हवेत. ते धरणार जमीन, आणि जमिनीशी त्यांची गाठ घालून देणार तुमचा खड्डा.

फॅब्रिकेटरने सांगितलेला दीड फुटाचा खड्डा, दीड बाय दीड बाय दीड, काँक्रीटने भरला तर त्याचं वजन होतं २३० किलो. १० फुटांवर एक अशा चार जोड्या, म्हणजे आठ खांब. आठांचे मिळून होतात १,८४० किलो. हवे होते ४,०००. तेच खड्डे २ फूट बाय २ फूट आणि साडेतीन फूट खोल केले, तर एकेका ठोकळ्याचं वजन साडेनऊशे किलोच्या आसपास जातं, आठांचं साडेसात टन. दोन्हींमधला फरक सिमेंटच्या साधारण २० गोण्यांचा आहे, वर खडी, वाळू आणि खणायची मजुरी. साडेपाच लाखांच्या कामात हा खर्च वाचवू नका. दुसरीकडे कुठेही वाचवा.

मी हे इतकं ठासून सांगतोय त्याला कारण आहे. तीसेक वर्षांपूर्वी, नवीन असताना, किनाऱ्याजवळच्या एका वाडीत मी स्वतः आंब्याच्या पेट्या ठेवायची शेड उभारून दिली होती. जमिनीत दीड हातावर जांभा लागला, पहारीने तुकडे निघेनात, मजूर कंटाळले, आणि मी म्हटलं, राहू दे, दगडच आहे खाली. काँक्रीट त्या दगडावर नुसतं बसलं, त्यात रुतलं नाही. दुसऱ्या वर्षी मे महिन्यातल्या वळवाच्या पावसात कोपऱ्यातले दोन खांब ठोकळ्यासकट उपटून आले. वेल्डिंग शाबूत होतं, बोल्ट शाबूत होते, पत्राही शाबूत. ठोकळा मात्र दात उपटावा तसा वर आलेला, आणि त्याच्या बुडाला दगडाचा कणही चिकटलेला नव्हता. आत कोणी नव्हतं म्हणून मी आज हे सांगू शकतोय. तेव्हापासून खड्डा मी माझ्या हाताने मोजतो.

तुमच्याकडेही दोन-अडीच फुटांवर जांभा लागण्याची शक्यता आहे. लागला तर ब्रेकर भाड्याने आणा आणि खोली पुरी करा. खाली खड्डा वरच्यापेक्षा दोन-तीन इंच रुंद कोरता आला तर फारच छान. मग ठोकळा वर येताना दगडालाच अडकतो.

आता भाच्याच्या पोल बार्नकडे येतो. ही रीत अमेरिकेत १९३० च्या दशकात, मंदीच्या काळात रुजली. शेतकऱ्याच्या हातात पैसा नव्हता, पण तेलाने मुरवलेले तारायंत्राच्या जातीचे खांब आणि पन्हाळीचा पत्रा मिळत होता. पाया आणि भिंती वगळून खांबावरच सगळं तोललं की काम स्वस्तात होई. कल्पना उत्तमच आहे आणि आपल्याला परकीही नाही. आपला मांडव, खळ्यावरची माटवी, जुना गोठा यांत दुसरं काय असतं? मेढी पुरायच्या, वर आडं आणि वासे.

पण तिथे खांब ज्या कारणांसाठी जसा पुरतात, ती कारणं तुमच्याकडे नाहीत. ओहायोत हिवाळ्यात जमीन जवळजवळ तीन फुटांपर्यंत गोठते. गोठताना ती फुगते आणि उथळ पाया वर ढकलते, म्हणून खांब त्याच्या खाली न्यावा लागतो. छतावर बर्फाचं ओझं साचतं, म्हणून कैच्या तशा दणकट. आणि मुख्य म्हणजे तिथलं पुरायचं लाकूड कारखान्यात दाबाखाली तांब्याचे क्षार आतपर्यंत मुरवून येतं. जमिनीत घालण्याजोगं कोणतं, याची खूण त्याच्यावर असते. आपल्याकडे गावच्या वखारीत असं खात्रीचं लाकूड सहज मिळत नाही. वरून डांबर फासलं किंवा जळकं तेल चोपडलं, तर ते एक-दोन सुतांच्या पलीकडे शिरत नाही. खांब सुकताना तडकला की त्या तडीतून पाणी थेट गाभ्यात जातं, आणि पाण्यामागून वाळवी.

लाकूड कुजतं ते कुठे, हे तुम्ही गोठ्याची जुनी मेढ उपटून पाहा. खाली तीन फुटांवरचं टोक पुष्कळदा चांगलं निघतं. वरचा भाग तर चांगला असतोच. कुजलेला असतो तो जमिनीच्या रेषेवरचा वीतभर पट्टा. तिथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात, बुरशीला तेवढंच हवं असतं. पावसाळ्यात भिजायचं, उन्हाळ्यात सुकायचं, पुन्हा भिजायचं. तुमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तेव्हा तो पट्टा किती वर्षं टिकेल? किंजळ चिवट लाकूड आहे, तरीही ते त्या पट्ट्यात घालू नका.

लोखंडी पाइपचंही तेच होतं, म्हणून फॅब्रिकेटरच्या बोलण्याने निश्चिंत होऊ नका. काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या सायकल स्टँडचे खांब पाहायला गेलो होतो. रंग छान होता, दर वर्षी मारलेला. हातोडीने ठोकत वरून खाली आलो. वर खणखणीत, कमरेशी खणखणीत, जमिनीपासून चार बोटांवर बद्द. रंगाचा पापुद्रा नखाने काढला तर बोट आत गेलं. पाइप आतून गंजला होता. वरचं तोंड उघडं राहिलेलं, त्यातून पावसाचं पाणी उतरून बुडाशी साचत होतं. बाहेरून कोणाला दिसणार?

म्हणून माझं उत्तर असं: खड्डा भाच्यासारखा खोल खणा, पण त्यात ना लाकूड पुरा, ना पाइप. त्यात सळईचा पिंजरा घालून काँक्रीटचा ठोकळा ओता आणि तो जमिनीच्या वर निदान दोन फूट, म्हणजे जोत्याच्याही वर, काढा. त्याच्या डोक्यावर बोल्टने खांब उभा करा, म्हणजे खांबाला माती लागणारच नाही. पावसाचे उडणारे शिंतोडेही फूटभर उंचीवर फारसे पोचत नाहीत.

यात एक गोष्ट आपण गमावतो, तीही समजून घ्या. पुरलेला खांब स्वतःच्या जोरावर ताठ असतो, बाजूने ढकलला तर जमीन त्याला धरते. प्लेटवर उभा केलेला खांब तेवढा ताठ नसतो, बिजागरीसारखा हलू पाहतो. हा ताठपणा दुसरीकडून परत मिळवावा लागतो. बुडाची प्लेट जाड घ्या, निदान १२ मिलिमीटर, आणि खांबाला चारी बाजूंनी त्रिकोणी पट्ट्या वेल्ड करा. खांब आणि कैची जिथे मिळतात तिथे तिरपा टेका हवाच. आणि लांबीच्या दोन्ही बाजूंना दोन खांबांमधल्या निदान एकेका गाळ्यात फुलीचे तिरपे गज हवेत. फॅब्रिकेटर या फुल्या नेहमी गाळतात. दार-खिडकीला आड येतात म्हणतात. जागा आत्ताच कागदावर ठरवा, मग आड येणार नाहीत.

बोल्टच्या बाबतीत तुमचा जुना धंदा कामाला येईल. ओल्या काँक्रीटमध्ये चार बोल्ट हाताने खोचले की ते हमखास वाकडे बसतात. मग प्लेटची भोकं गॅसने मोठी केली जातात आणि तिथेच सांधा ढिला होतो. तुम्ही पॅटर्न शॉपचे आहात. जुन्या प्लायचे आठ टेम्प्लेट कापा, बुडाच्या प्लेटशी तंतोतंत जुळणारे, मधे केंद्ररेषा आखलेले. बोल्ट त्यांत वर-खाली नट लावून आवळा, खालचं वळवलेलं टोक पिंजऱ्याला बांधा आणि टेम्प्लेट दोरीला धरून साच्यावर ठोका. बोल्ट १६ मिलिमीटरच्या आतले नकोत, काँक्रीटमधली लांबी दीड फूट तरी असावी. आखणी करताना दोन्ही कर्ण मोजा. २० बाय ३० चौकोन गुण्यात, म्हणजे कोपऱ्यांशी काटकोनात असेल, तर दोन्ही कर्ण ३६ फुटांवर पाऊण इंचाला किंचित कमी भरतात. तुम्हाला हे शिकवायला नको, पण इथले गडी ‘पाव इंच चालतंय’ म्हणतील, तेव्हा ऐकू नका. खाली चूक राहिली की वर पत्र्याच्या शेवटच्या ओळीत पाचर निघते.

वाळू खाडीची घेऊ नका. स्वस्त पडते, पण तिच्यातलं मीठ सळई आतून खातं. क्रश सँड चालेल. ठोकळे ओतल्यावर गोणपाट गुंडाळून दिवसातून तीनदा पाणी मारा, निदान दहा दिवस. हे काम वडिलांना आवडेल असं मला वाटतं. तुमच्यापेक्षा ते जास्त नेमाने करतील.

फॅब्रिकेटरशी बोलताना चौरस फुटाचा भाव घेऊ नका. चौरस फुटावर काम दिलं की पाइप जितका पातळ तितका त्याचा फायदा. किलोवर द्या, आणि पाइपची जाडी कागदावर लिहून घ्या. खांबाला १०० बाय १०० मिलिमीटरचा, ४ मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप घेतला, तर मीटरला सुमारे १२ किलो भरतो. माल आला की वजनकाट्याची चिठ्ठी मागा, मीटर मोजा, भागाकार करा. ९ किलो निघालं तर जाडी ३ ची आहे, वाद घालायची गरजच नाही. प्रत्येक पाइपची दोन्ही तोंडं प्लेट वेल्ड करून बंद करून घ्या. आणि खाऱ्या हवेत गंज पहिल्यांदा धरतो तो वेल्डिंगच्या जागी, तेव्हा तिथली खपली ग्राइंडरने साफ करून जस्ताचा प्रायमर लावा. नुसत्या तांबड्या ऑक्साइडवर भागवू नका. हे उभं करण्याआधी, जमिनीवर असतानाच करायचं. शिडीवर चढून कोणी नीट करत नाही.

छताला रंगीत लेपाचा लोखंडी पत्रा घ्या, अर्ध्या मिलिमीटरच्या जवळचा. सिमेंटचे पत्रे स्वस्त आणि थंड पडतात हे खरं. पण असबेस्टॉस असलेला पत्रा कापताना, भोक पाडताना जे तंतू उडतात ते फुफ्फुसात जाऊन बसतात. आधीच लाकडाचा भुसा उडणाऱ्या जागेत तुम्ही रोज आठ तास उभे राहणार आहात. शिवाय वादळात ते फुटतात, तेव्हा तुकडे होऊन उडतात. स्क्रू रबरी वॉशरचे घ्या. वाऱ्याची ओढ सगळ्यात जास्त असते ती कडांना, म्हणजे पागोळीच्या ओळीला, आढ्याला आणि दोन्ही टोकांच्या गाळ्यांना. तिथे मधल्यापेक्षा दुप्पट दाट स्क्रू मारा. वडिलांना विचारा, गोठ्याचा पत्रा पहिल्यांदा कुठून सुटला. ते पश्चिमेचा खालचा कोपरा म्हणतील, असा माझा अंदाज आहे.

कौलांबद्दलही त्यांचं म्हणणं हिशोबात बसतं. मंगळुरी कौलांचं छप्पर चौरस मीटरला साधारण ४० किलो भरतं, पत्रा ५ किलोसुद्धा भरत नाही. शिवाय कौलांच्या फटींतून हवा जाते, दाब साचत नाही, आणि गेलीच तर दहा-वीस कौलं जातात, अख्खं पाखं जात नाही. त्यांचं घर इतकी वर्षं उभं आहे ते याच जोरावर. तरी वर्कशॉपला मी कौलं सुचवत नाही. ते वजन पेलायला खालचं लाकूड किंवा लोखंड खूप वाढतं, माकडांमुळे दर वर्षी कौलं परतावी लागतात आणि २० फुटांचा गाळा मधे खांब न देता सहज मिळत नाही. पण त्यांच्या म्हणण्यातली चिऱ्याची भिंत जरूर घ्या. सगळीकडे छतापर्यंत नको. जोत्यापासून तीन फूट, खांबांच्या मधोमध, चारी बाजूंनी. तिच्यावर पत्रा सुरू करा. पावसाचा मारा चिऱ्यावर येईल, पत्र्याचं बूड गंजणार नाही, फळ्या टेकवायला जागा होईल. आणि वडिलांना परसातून पाहताना चिरा दिसेल.

दार पश्चिमेला आणि नैर्ऋत्येला ठेवू नका, पाऊस-वारा दोन्ही तिकडून येतात. पूर्वेला ठेवा, १० फूट रुंद, सरकतं. रोलिंग शटर जोराच्या वाऱ्यात फुगून खाचेतून सुटतं, आणि एकदा ते सुटलं की वर सांगितलेला आतला रेटा सुरू झालाच. खिडक्या उत्तरेला जितक्या जास्त तितक्या बऱ्या. उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा राहतो, रंध्याखालचे खड्डे आणि रेघा त्यात स्वच्छ दिसतात. उंची पागोळीशी १२ फूट ठेवा. ८ फुटी फळी उभी करून फिरवायची असते हे तुम्ही जाणताच, आणि एप्रिलमध्ये पत्र्याखालची गरम हवा डोक्याच्या वर राहिली पाहिजे. आढ्याला हवा जायला वाट ठेवा.

आता पाणी. ५६ चौरस मीटर छतावर तीन मीटर पाऊस म्हणजे हंगामात दीड लाख लिटरच्या वर पाणी. पन्हळ लावली नाही तर ते सगळं दोन पागोळ्यांच्या रेषेत पडतं, म्हणजे नेमकं तुमच्या ठोकळ्यांच्या कडेला, आणि माती खरवडून नेतं. साडेतीन फुटांचा खड्डा चार पावसाळ्यांत तीन फुटांचा होतो. पन्हळ लावा, खाली दगडी गटार काढा आणि पाणी पोफळीकडे किंवा विहिरीकडे वळवा. शेजाऱ्यांच्या हद्दीत मात्र सोडू नका, गेल्या वेळचे पत्रे त्यांच्या अजून लक्षात असतील.

जोतं परसाच्या पातळीपेक्षा दीड फूट वर घ्या. दगडी सोलिंग, मुरूम कुटून, त्यावर वाळवीची फवारणी, मग जाड प्लास्टिकचा कागद आणि वर ४ इंच काँक्रीट. फवारणीचा क्रम चुकवू नका, काँक्रीट पडल्यावर ती जागा परत हाती लागत नाही. प्लास्टिकही गाळू नका. ते नसेल तर पावसाळाभर फरशीतून ओल चढत राहते आणि टेबल सॉच्या बिडाच्या पाटावर रोज सकाळी तांबूस थर येतो. रंधा मशीन बसणार तिथे ६ इंच जाडी द्या. ओतण्याआधी जमिनीतून वायरीचा एक आणि भुसा ओढायचा एक पाइप टाकून ठेवा. जागा कुठे लागेल हे समजायला फरशीवर खडूने यंत्रं आखा आणि ८ फुटी फळी हातात घेऊन त्यांच्यामधून एकदा चाला.

वीज घरच्या मीटरवरून घेऊ नका. विकायच्या वस्तू करणार असाल तर घरगुती जोडणीवर यंत्रं चालवणं हा विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो, आणि आकारणी दुप्पट दराने होते. वेगळी जोडणी मागा, शक्यतो थ्री फेज. ३० मिलिअँपिअरचा ट्रिप स्विच बसवा. जांभ्याची जमीन मे महिन्यात कोरडी ठणठणीत होते आणि अर्थिंग कुचकामी होतं, म्हणून अर्थिंगचे दोन खड्डे घ्या आणि उन्हाळ्यात त्यांत पाणी घाला.

काम काढण्याआधी ग्रामपंचायतीची बांधकाम परवानगी घ्या. परस गावठाणात येतं की बाहेर, हे आधी पाहा. बाहेर असेल तर बिगरशेतीचा विषय येतो, तो तलाठ्याकडे मोकळेपणाने विचारा. ओंडके चिरणार असाल तर वनखात्याचा सॉ मिल परवाना लागतो. तयार चिरलेलं लाकूड वापरणार असाल तरी त्या कार्यालयात एकदा तोंडी नको, लेखी विचारून घ्या.

आणि ती किंजळ. पडवीत इतकी वर्षं सावलीत सुकलेलं, स्वतःच्या आवारातलं लाकूड आज पैसे देऊन मिळत नाही. ते मातीत घालायचा विचार मनातून काढा. त्याचं वर्कबेंच करा, ३ इंच जाड फळीचं, आणि उरलेल्यातून पूर्वेचं सरकतं दार.

वेळेचं गणित असं धरा. खड्डे आणि ठोकळे जानेवारीत, लोखंड फेब्रुवारीत. शिमग्यात आठ-दहा दिवस तुमच्याकडे कोणी कामाला मिळणार नाही, ते आधीच सोडून द्या. एप्रिल लागला की गडी आंब्यावर जातात. म्हणून पत्रा मार्चअखेर चढलाच पाहिजे. जोतं आणि वायरिंग त्यानंतर सावलीत सावकाश करता येईल. पैसे कमी पडले तर बाजूचा पत्रा वर्षभर थांबवा, पश्चिमेची बाजू सोडून. पण तसं करायचं ठरलं तर मिरगाच्या आधी इंजिनिअरला पुन्हा विचारा, कारण अर्धी उघडी शेड वारा जास्त कोंडते. त्याच्याकडून सगळ्याच कामाचा नकाशा आणि सांध्यांचं डिटेल आधी काढून घ्या. माझे आकडे बोलाचालीपुरते आहेत, लोखंड त्याच्या सहीवर कापा.

खड्डे खणून झाले की काँक्रीट ओतण्यापूर्वी प्रत्येक खड्ड्यात टेप सोडून फोटो काढा आणि मला पाठवा. खाली जांभा किती फुटांवर लागला तेही लिहा. बादलीभर पाणी एका खड्ड्यात ओतून ते किती वेळात जिरतं ते घड्याळ लावून पाहा, त्यावरून गटाराची खोली सांगतो.